ऑरेंज अलर्ट आणि तोरणा: हातातला आकडा नेमका किती जागेचा?

जुलै लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर एकच बेत फिरायला लागतो. रविवारी पहाटे निघायचं, वेल्ह्याला चहा-पोहे, मग तोरणा, आणि जमलंच तर उतरल्यावर पासलीवरून केळदला जाऊन मढे घाटातला धबधबा. दुसऱ्या दिवशी राजगड करू, असंही एखादा उत्साही जण टाकतोच. या वेळी मंडळी आठ. सगळ्यात धाकटा भाचा सहा वर्षांचा, सगळ्यात मोठी आत्या अडुसष्टची. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी बातमीचा फोटो टाकला: पुणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट. त्यावर काकांचं उत्तर, "इथे तर लख्ख ऊन पडलंय." मग सगळे माझ्याकडे वळले, कारण घरात 'पावसावर पीएचडी करणारी' मी एकटीच.

अलर्ट खरा होता आणि काकांचं ऊनही खरं होतं. भानगड एवढीच की दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या जागेबद्दल आणि वेगवेगळ्या वेळेबद्दल होती. संशोधनात याला प्रातिनिधिकतेचा प्रश्न म्हणतात. एखादं मोजमाप कोणाच्या वतीनं बोलतंय, किती क्षेत्राच्या, किती वेळाच्या? पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी मला बऱ्याचदा विचारतात की डेटा कुठून डाउनलोड करायचा. त्याच्या आधीचा प्रश्न हा आहे. गडावर घरच्यांना न्यायचं की नाही हे ठरवताना तो जितका नीट कळतो तितका मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात कळला नाही, म्हणून आज तेच उदाहरण घेते.

अलर्ट काय सांगतो

रंग चार: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बहुतेकांना वाटतं की रंग म्हणजे पावसाचा जोर. तसं पूर्ण खरं नाही. रंग ठरवताना संभाव्य परिणाम किती गंभीर आणि तो होण्याची शक्यता किती, या दोन्हींचा विचार होतो. म्हणून लाल रंग म्हणजे नारिंगीच्या दुप्पट पाऊस, असा हिशोब करता येत नाही.

पावसाच्या जोराला हवामान विभागाचे वेगळे शब्द आहेत आणि ते काटेकोर आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति जोरदार', त्याच्या वर 'अत्यंत जोरदार'. बातमीत हे तिन्ही शब्द 'मुसळधार' या एकाच शब्दात बुडून जातात. शिवाय 'तुरळक ठिकाणी' हा शब्द बातमी लिहिणारे सवयीनं लिहितात असं वाटतं, पण त्यालाही अर्थ आहे: त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. म्हणजे 'पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अति जोरदार पाऊस' हे वाक्य तीन चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस नसेल असंही सांगत असतं. काकांचं ऊन या वाक्यात आरामात बसतं.

आता पुणे जिल्हा म्हणजे केवढा? १५,६४३ चौरस किलोमीटर. एका टोकाला मावळ, मुळशी, वेल्हे. दुसऱ्या टोकाला दौंड, इंदापूर, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पुणे शहराचा सातशेच्या आसपास. या सगळ्याला एकच रंग देणं किती बेभरवशाचं आहे हे हवामान विभागालाही माहीत आहे, म्हणून इशाऱ्यात 'पुणे' आणि 'पुण्याचा घाट परिसर' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. बातमीच्या फोटोत दुसरी ओळ बहुधा कापलेली असते. वेल्हे (कागदोपत्री आता राजगड तालुका) या दुसऱ्या ओळीत येतो. पासली तर येतेच येते.

हा फरक किती असू शकतो याचा एक खरा नमुना देते. २५ जुलै २०२४ ला सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच २४ तासांत ताम्हिणीत ५५६. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्याच्या बातमीत. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं तो हाच दिवस. पुण्यासाठी ११४ हाच मोठा आकडा होता, आणि घाटात त्याच्या जवळजवळ पाचपट पडला होता.

ढग आधी गडावर बसतो

कारण तुम्ही दहावीच्या भूगोलात वाचलेलंच आहे: प्रतिरोध पर्जन्य. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकणातून थेट सह्याद्रीच्या भिंतीवर आदळते, वर चढते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. पुस्तकात ते एका आकृतीत संपतं. आपण आकडे घालून बघू.

जमिनीजवळचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितका फरक, त्याच्या दर अंशाला साधारण १२५ मीटर वर ढगाचा तळ मिळतो. समजा वेल्ह्यात तापमान २५ अंश आणि दवबिंदू २२. फरक ३, म्हणून ढगाचा तळ ३७५ मीटर वर. वेल्हे समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे ढग सुमारे १,०७५ मीटरवर सुरू होतो. तोरण्याचा माथा १,४०३ मीटर. म्हणजे वरचा तीनशे मीटरचा भाग ढगाच्या पोटात. खाली चहा पिताना 'थोडं धुकं आहे' असं जे दिसतं ते हेच. झुंजार माची, बुधला माची दिसण्याची आशा सोडून द्यायची आणि कड्याची कडही दिसणार नाही हे धरून चालायचं.

याच हिशोबात तापमानही निघतं. ढगाच्या तळापर्यंत हवा किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते, ढगात शिरल्यावर बाष्पाची उष्णता सुटते म्हणून साधारण पाचच अंशांनी. २५ मधून आधी ३.७ वजा, मग १.६ वजा. माथ्यावर २० अंशांच्या किंचित खाली. पुणेकराला हे आकडे ऐकून छानच वाटतं. पण ओले कपडे आणि माचीवरचा वारा यात ती २० अंशांची हवा शरीरातली उष्णता भराभर ओढून घेते, आणि लहान मुलांच्या वजनाच्या मानानं त्यांची त्वचा जास्त असल्यामुळे ती आधी गारठतात. भाचा 'मला थंडी नाही वाजत' म्हणत राहणार आणि त्याचे ओठ काळेनिळे पडणार, हे सांगायला संशोधन लागत नाही.

पूर्वेकडे सरकलं की हा पाऊस झपाट्यानं ओसरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाव हिश्शाइतकाही नाही. पासली घाटमाथ्याजवळ, वेल्हे त्याच्या आत, विंझर आणखी आत, आणि मग नसरापूर. या एका रस्त्यावर गाडीतून जाताना वायपरचा वेग जसा वाढवावा लागतो, तोच तुमचा पर्जन्याचा आलेख.

वीतभर तोंडाचा मापक

आता हा पाऊस मोजतात कशानं? नेहमीच्या पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ असतं २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर रुंदीहून कमीच. भारतीय मानकानुसार डोंगराळ, भरपूर पावसाच्या भागात दर १३० चौरस किलोमीटरला एक मापक असावा. भागाकार करून बघा: मापकाचं तोंड जेवढं, त्याच्या साडेसहाशे कोटी पट जागेच्या वतीनं तो एकटा बोलतो. आपल्याकडे 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं बसवली गेली, त्यामुळे परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. तरी एका मंडळात अनेक गावं येतात आणि केंद्र कुठल्यातरी एकाच गावात, सोयीच्या सपाट जागी असतं. गडाच्या माथ्यावर ते नसतं.

बरं, माथ्यावर बसवलं तरी काम झालं असं नाही. वारा जोरात असला की मापकाच्या तोंडावरून हवा उसळते आणि थेंब बाजूला उडून जातात. मापक कमी भरतो. म्हणजे जिथे पाऊस सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात जास्त, तिथेच मोजमाप सगळ्यात कमी विश्वासाचं. ही चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली गेलेली नसते, ती नेहमी एकाच दिशेनं, कमीकडेच झुकते. त्यामुळे जास्त दिवसांची सरासरी काढून ती जात नाही. व्हायवाला विचारतात.

चोवीस तास आणि चार मिनिटं

जागेपेक्षा वेळेचा घोळ जास्त फसवा आहे. आपल्याकडे दिवसाचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ, आणि तो आजच्या तारखेवर लिहिला जातो. म्हणजे आम्ही रविवारी सकाळी नऊला गड चढायला लागलो आणि दुपारी पावसानं झोडपलं, तर तो पाऊस सोमवारच्या आकड्यात दिसेल. रविवारच्या आकड्यात शनिवारचा दिवस आणि रात्र असेल. अपघाताची तारीख बातमीतून आणि पाऊस डेटामधून घेऊन दोन्ही रकाने शेजारी चिकटवणारे प्रबंध मी पाहिलेत. एक दिवस सरकला की सगळा सहसंबंध सरकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे १२० मिलिमीटर हा आकडा दोन अगदी वेगळ्या दिवसांचा असू शकतो. तासाला पाच मिलिमीटर या दरानं दिवसभर रिमझिम, तरी १२०. किंवा एका तासात शंभर आणि उरलेल्या दिवसात वीस, तरी १२०. पहिल्या दिवशी भातलावणी होते. दुसरा दिवस ढगफुटीच्या व्याख्येजवळ जातो (तासाला १०० मिलिमीटर, वीस-तीस चौरस किलोमीटरवर). तक्त्यात दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

आणि गडाला यातली कुठली वेळ कळते? पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं पाणी तोंडापर्यंत यायला जो वेळ लागतो, तो काढायचं किर्पिच यांचं १९४० मधलं एक सूत्र आहे. गडाच्या उतारावरची ५०० मीटर लांबीची घळ आणि ३० टक्के उतार घातला तर उत्तर येतं ३.७ मिनिटं. चार मिनिटं धरा. म्हणजे वर सर कोसळली की चार मिनिटांत तिचं सगळं पाणी तुमच्या पायाशी. खाली कदाचित तेव्हा पाऊसही नसेल. (हे सूत्र अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या छोट्या शेतजमिनींच्या पाणलोटांवरून काढलेलं आहे, जिथे उतार ३ ते १० टक्के होता. आपण ते ३० टक्क्यांच्या बेसॉल्टवर लावतोय. प्रातिनिधिकतेचा प्रश्न सूत्रांनाही विचारायचा असतो. आकडा अंदाजाचा आहे, 'तास नाही, मिनिटं' एवढं मात्र त्यातून पक्कं कळतं.)

चोवीस तासांचा आकडा चार मिनिटांच्या घटनेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तीन तासांचा तात्कालिक इशारा असतो, तो निदान त्या दिशेनं जातो. त्याहून जवळचं साधन म्हणजे ओढ्याचं पाणी. डोंगरात राहणारी माणसं पाण्याचा रंग बघतात: स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या, की वर काहीतरी झालंय. मिनिटांच्या मापाच्या घटनेसाठी मिनिटांच्या मापाचं निरीक्षण. मला तरी हे उपकरण फार आवडतं, बॅटरी लागत नाही.

पायरीवरचं पाणी

आता गणित जिथे खरंच कोणाच्या तरी जिवाशी येतं तिथे येऊ. पाण्याच्या प्रवाहात माणूस उभा राहू शकतो की नाही यावर बऱ्याच प्रयोगशाळांत काम झालंय. ऑस्ट्रेलियातल्या पूरविषयक मार्गदर्शक तत्त्वांत त्याचं सार मिळतं. पाण्याची खोली (मीटर) आणि वेग (मीटर प्रति सेकंद) यांचा गुणाकार करायचा. प्रौढांसाठी हा गुणाकार ०.६ पर्यंत असेल तर धोका कमी, १.२ च्या वर गेला तर टिकणं अशक्यप्राय. मुलांसाठी कमी धोक्याची मर्यादा ०.४. आणि वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला तर गुणाकार कितीही असो, सुरक्षित म्हणता येत नाही, कारण पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, धक्का चौपट.

या गुणाकाराची एक गंमत आहे. खोली गुणिले वेग म्हणजे दर मीटर रुंदीतून वाहणारं पाणी. त्यामुळे वेग, खोली वेगळी न मोजताही पावसावरून त्याचा अंदाज करता येतो. करून बघू. समजा एका गडवाटेकडे वरच्या १० हेक्टरचं पाणी उतरतं. म्हणजे एक लाख चौरस मीटर. पाऊस तासाला ५० मिलिमीटर. जुलैतली जमीन आधीच भिजून तृप्त, खाली बेसॉल्ट, मातीचा थर पातळ. म्हणून ८० टक्के पाणी वाहून जातं असं धरू. तासाला ४,००० घनमीटर, सेकंदाला १.१ घनमीटर. वाट तीन मीटर रुंद असेल तर दर मीटरला ०.३७. मुलांच्या मर्यादेच्या जेमतेम खाली. तीच वाट दरवाज्याशी दोन मीटर झाली की ०.५५. मुलांची मर्यादा ओलांडली, मोठ्यांची टेकली. पावसाचा दर ८० झाला तर तीन मीटर रुंदीलाही ०.५९.

आणि हे पाणी दिसतं किती? ०.३७ ला सेकंदाला तीन मीटर वेगानं भागा: १२ सेंटिमीटर. घोट्याच्या जरासं वर. 'पाणी तर घोट्याएवढंच आहे' हे वाक्य याच जागी धोक्याचं ठरतं, कारण डोळ्याला खोली दिसते, वेग दिसत नाही. शिवाय प्रयोगशाळेतली माणसं सपाट, न निसरड्या तळावर उभी होती. शेवाळलेल्या उतरत्या पायऱ्यांवर मर्यादा त्याहून खाली येणार.

या तत्त्वांत माणसाचं वर्गीकरण कसं करतात ते बघा: उंची (मीटर) गुणिले वजन (किलो). पन्नासच्या वर प्रौढ, २५ ते ५० मूल, २५ च्या खाली लहान मूल. आमचा भाचा १.१२ मीटर आणि १९ किलो. गुणाकार २१. या गटासाठी मर्यादाच दिलेली नाही. कुठल्याही वाहत्या पाण्यात तो सुरक्षित धरलेला नाही. आत्या १.४८ मीटर आणि ४६ किलो, गुणाकार ६८, म्हणजे सूत्रानुसार ठणठणीत प्रौढ. पण गुडघेदुखी त्या गुणाकारात नाही. तत्त्वं लिहिणाऱ्यांना हे सुचलं होतं, म्हणून अशक्त वृद्धांना त्यांनी लहान मुलांच्याच गटात टाकलंय. आठ जणांच्या सहलीची मर्यादा आठांच्या सरासरीनं ठरत नाही, सगळ्यात कमी मर्यादा असलेल्या दोघांनी ठरते. मी ग्रुपवर हेच लिहिलं आणि गड रद्द झाला. काका दोन दिवस बोलले नाहीत.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर २०२४ चेच दोन प्रसंग आठवा. ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढायला लागलं तेव्हा ती प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती, आणि काठ काही पावलांवर होता. त्यानंतर आठवड्याभरानं रायगडावर असा पाऊस झाला की महादरवाज्याकडून पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा उतरला, लोक कडेच्या कठड्यांना धरून उभे राहिले आणि प्रशासनानं गड काही काळ बंद केला. वाट घळीतून जाते तेव्हा ती पावसात वाट राहत नाही, ओढा होतो.

यात गड बांधणाऱ्यांची चूक शोधू नका. उलट पाण्याचा विचार त्यांनी आपल्यापेक्षा जास्त केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ल्याची जागा निवडताना पाण्याचा विचार आधी करायला सांगितलंय. राजगडावरचा पद्मावती तलाव, गडोगडी खोदलेली टाकी, तटातून पाणी बाहेर काढणाऱ्या मोऱ्या हे सगळं त्याच विचारातलं. मोऱ्या दगड-मातीनं बुजल्या की पाणी दुसरी उतरती जागा शोधतं आणि ती जागा बहुधा दरवाजा असते. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, गर्दी वाढणारच आहे. पावसाळ्यात कुठल्या वाटेवर किती पाणी येतं याचा साधा नकाशा करायला कोणीतरी घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सिनॉप्सिसमध्ये हे कुठे येतं

भारतीय हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा १९०१ पासून उपलब्ध आहे, मोफत आहे, आणि म्हणून सगळे तोच उतरवून घेतात. त्याची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर बाजूची, सातशे तीस चौरस किलोमीटरच्या आसपास. तोरणा, राजगड आणि पूर्वेकडची कोरडी गावं एकाच चौकटीत मिसळू शकतात. समजा चार ठिकाणी पाऊस पडला १८०, ९५, ४० आणि १५. (आकडे काल्पनिक आहेत.) सरासरी ८२.५, म्हणजे 'जोरदार'. प्रत्यक्षात एका ठिकाणी अति जोरदार, एका ठिकाणी जोरदार, एका ठिकाणी मध्यम, एका ठिकाणी हलका. चारपैकी तीन ठिकाणांबद्दल सरासरी चुकीचं सांगते, आणि ज्या ठिकाणी दरड कोसळू शकते तिथे कमी सांगते. शंभर वर्षांतला कल बघायचा असेल, मोठ्या खोऱ्याचा जमाखर्च मांडायचा असेल, तर हाच डेटा उत्तम आहे. गडावरच्या अपघातांचा अभ्यास करायला तो निरुपयोगी आहे. डेटा वाईट नसतो, प्रश्नाचं माप आणि त्याचं माप जुळत नाही एवढंच. उपग्रहाचा अर्ध्या तासाचा पाऊस वेळेच्या बाबतीत बरा, पण त्याचीही चौकट दहा-अकरा किलोमीटरची आहे आणि डोंगरावरच्या बुटक्या ढगांतला पाऊस उपग्रहाला कमी दिसतो.

म्हणून 'वेल्हे तालुक्यातील पर्जन्यमानाचा अभ्यास' हे शीर्षक घेऊन गाईडकडे जाऊ नका. त्यात प्रश्नच नाही. प्रश्न असा असतो: पासली, वेल्हे, विंझर आणि नसरापूर या रेषेवर एका तासात पडणारा सगळ्यात जास्त पाऊस घाटमाथ्यापासूनच्या अंतरानुसार कसा बदलतो, आणि चोवीस तासांच्या बेरजेवरून तो ओळखता येतो का? यात जागा आहे, वेळेचं माप आहे, आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते उपयोगाचं आहे.

साधनं फार लागत नाहीत. चार टिपिंग बकेट मापक, दर ०.२ मिलिमीटरला एक टिचकी नोंदवणारे. जोराच्या सरीत तेही कमी मोजतात, कारण बादली कलंडताना पडलेलं पाणी हिशोबात येत नाही. म्हणून प्रत्येकाशेजारी एक साधा हाती मापक ठेवायचा आणि रोज साडेआठला ताडून बघायचं. जागा म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवार सगळ्यात बरं: उघडं असतं, कुंपण असतं, आणि सरांना विचारलं तर नोंद ठेवायला पोरं एका पायावर तयार होतात. मे संपायच्या आत बसवायचे, गाळणीतला पाला-मुंग्या आठवड्याला काढायच्या, सप्टेंबर अखेरीपर्यंत ठेवायचे, आणि निदान दोन पावसाळे. गडाच्या माथ्यावरचा पाचवा मापक दुसऱ्या वर्षी, परवानगी आणि वाऱ्याला आडोसा या दोन्ही गोष्टी जमल्या तर.